मुकादमाच्या किडन्या

मुकादम जगण्यात माझा काय फायदा होता ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भूतदयेच्या सुरात बोलायला लागलो तर मला तिथेच थांबवता येईल. मुकादम हा आमचा बोका. वय चौदा, वजन तीन किलो आठशे, रंग राखाडी, व्यवसाय दुसऱ्यांच्या कामावर देखरेख. नाव त्यावरूनच पडलं. तो माझ्या वडिलांचा. बाबा वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला बावीस वर्षं झाली, पण चुका काढण्याची सवय काही निवृत्त होत नाही. रोजचे साधारण तीन तास ती मुकादमावर खर्च होते. तो नीट जेवला का, अंग चाटताना डावी बाजू राहिली का, दुपारी जास्त झोपला का. उद्या मुकादम गेला, तर हे तीन तास मोकळे होणार. घरात माणसं तीन. माझ्या बायकोच्या चुका काढायची बाबांची छाती नाही. उरलो मी.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी मुकादमाच्या रक्ताचा रिपोर्ट वाचला तेव्हा सगळ्यात जास्त मी हादरलो.

"किडन्या तीसेक टक्केच काम करताहेत, आजोबा," त्या बाबांना म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. पण आहे ते जपलं तर हा अजून दोन-तीन वर्षं मजेत काढेल."

"तीस टक्के हे कुठल्या मापाने?" बाबांनी विचारलं.

"रक्तातल्या क्रिएटिनिनवरून. किडन्या थकल्या की ते वाढतं. याचं तीन पूर्णांक एक आहे. त्यावरून अंदाज बांधतात."

"अंदाज," बाबा म्हणाले. या एका शब्दावर त्यांनी नोकरीत कित्येक दुकानदारांना घाम फोडला असणार. पण एरवी पुढचा प्रश्न तयार असणाऱ्या बाबांनी या वेळी नुसता मुकादमाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"तीन गोष्टी सांभाळा, काका," बाई माझ्याकडे वळल्या. मी बावन्न वर्षांचा आहे. बाबांना आजोबा म्हटल्यावर मला दादा म्हणायला भरपूर जागा होती, पण ते असो. "एक, किडनीच्या मांजरांसाठी वेगळं खाणं मिळतं, तेच द्यायचं. दोन, रक्तदाबाची गोळी. माणसांचीच आहे, तिचा आठवा भाग रोज. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. जितकं पोटात जाईल तितकं चांगलं. महिन्याने परत रक्त तपासू."

मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. सव्वीस वर्षांत माझ्या सहीशिवाय स्टोअरमधून साधा वॉशर बाहेर गेलेला नाही. घरी येताच मी तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. तारीख, वेळ, दिलेलं खाणं ग्रॅममध्ये, उरलेलं खाणं ग्रॅममध्ये, गोळी, वाडग्यातलं पाणी मिलिलिटरमध्ये, देणाऱ्याची सही, शेरा.

"मांजराला औषध द्यायचंय की मांजराचं ऑडिट करायचंय?" बायको म्हणाली.

"सही महत्त्वाची. सही असली की जबाबदारी ठरते."

"मग मुकादमाच्या सहीचा पण रकाना काढा. खाणार तोच आहे."

हा विनोद होता असं मी त्या वेळी धरलं. पहिल्याच जेवणाला त्यातलं मर्म कळलं. ते खास खाणं ताटलीत वाढल्यावर मुकादमाने ते हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि ताटलीच्या चारही बाजूंनी पंजाने फरशी खरवडू लागला. मांजर ही क्रिया कुठे आणि काय झाकण्यासाठी करतं हे मांजर पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. इतरांनी कल्पना करावी.

बाबांनी चमच्याच्या टोकावर घेऊन ते खाणं स्वतः चाखलं.

"बाबा!" बायको किंचाळली.

"मीठच नाही," बाबांनी निकाल दिला. "त्याची बाजू बरोबर आहे."

खाणं मोजायला मी आणलेला काटा त्यांनी आधीच नापास केला होता. कपाटातून स्वतःची पितळी वजनं काढून त्यांनी तो तीनदा तपासला, दोन ग्रॅम जास्त दाखवतो असं सिद्ध केलं, आणि त्या दिवसापासून तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यातून दोन ग्रॅम वजा करण्याचं काम मला लागलं.

समोरच्या दारातल्या काकूंना ही बातमी पोचायला जिन्याचा एक फेरा पुरला. "अरे, कोमट करून दे. थंड खाणं तुला तरी आवडतं का?" हा एकच सल्ला त्या पूर्ण आजारपणात खरोखर उपयोगी पडला, आणि तो काकूंचा होता हे मान्य करताना मला आजही जड जातं. कारण पुढे कळेल. कोमट केलं, जुन्या खाण्यात रोज थोडं थोडं मिसळलं, आणि दहाव्या दिवशी मुकादम नवं खाणं खाऊ लागला. खाताना चेहरा मात्र असा, की आपण हे निषेध नोंदवून खात आहोत.

गोळीचं प्रकरण औषधाच्या दुकानातच अडलं. दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली.

"रुग्णाचं वय चौदा?"

"हो."

"वजन तीन किलो आठशे?"

"हो."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं. "मांजर आहे हो," मी म्हणालो. "मग चिठ्ठीवर तसं लिहून आणा," तो म्हणाला. मी परत दवाखान्यात गेलो, बाईंनी नावापुढे 'बोका' असं लिहून शिक्का मारला. दुकानदाराने ते वाचलं आणि पावतीवर माझ्या नावापुढे छापून टाकलं. ती पावती मी जपून ठेवलेली नाही.

एवढ्याशा गोळीचे आठ सारखे भाग करणं हे काम बाबांनी आनंदाने अंगावर घेतलं. ब्लेड, भिंग आणि पांढरा कागद घेऊन ते तासभर बसत. मग मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मी धरायचं, बायकोने जबडा उघडायचा, बाबांनी तुकडा जिभेच्या मुळाशी ठेवायचा आणि गळ्यावरून बोट फिरवायचं. मुकादम गिळायचा. आम्ही सही करायचो. तीन आठवडे तक्त्यावर एकवीस सह्या, एकही दिवस चुकलेला नाही. मग एकदा सोफा सरकवून झाडताना बायकोला भिंतीच्या कडेला अकरा तुकडे सापडले. ओळीने.

स्टोअरच्या भाषेत याला साठ्यातली तफावत म्हणतात. बाबांनी तुकडे भिंगाखाली पाहिले. "कापलेत मात्र अगदी समान," ते म्हणाले. पुढे गोळी खाण्याच्या छोट्या गोळ्यात दडवून द्यायचं ठरलं आणि तो प्रश्न मिटला. माझ्या तळहातावरचे ओरखडे मिटायला जास्त वेळ लागला.

पाण्याच्या रकान्यात मात्र काही म्हणजे काही घडत नव्हतं. सकाळी वाडग्यात दोनशे मिलिलिटर ओतायचं, संध्याकाळी मोजायचं, एकशे नव्वद निघायचं. दहा मिलिलिटर तर नुसत्या हवेनेसुद्धा उडतं. मी शेऱ्यात 'असमाधानकारक' असं लिहीत गेलो. पण महिन्याने रक्त तपासलं तर आकडा तीन पूर्णांक एक, जसाच्या तसा. वजन उलट पन्नास ग्रॅमने वाढलेलं.

"छान सांभाळलंत, काका," बाई म्हणाल्या. त्या दिवशी मला काकासुद्धा गोड वाटलं. मी त्यांना तक्त्याचा फोटो दाखवला.

इथे मला इमारतीच्या पाणीबचत समितीबद्दल सांगावं लागेल. या समितीचा अध्यक्ष मी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सेक्रेटरी आणि मी घरोघर जाऊन नळ तपासायचो. नियमही मीच लिहिला होता. ज्याच्या घरी नळ गळताना आढळेल त्याचं नाव महिनाभर खालच्या फलकावर, 'पाण्याचे वैरी' या मथळ्याखाली. शेवटची ओळ मला विशेष आवडायची: कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. मथळाही माझाच. या नियमाखाली लागलेलं पहिलं नाव समोरच्या काकूंचं. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला सहा थेंब गळत होता.

"स्वतःच्या न्हाणीघरात कधी डोकावलास का रे?" त्या वेळी त्या जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या.

डोकावलो नव्हतो. तपासणारा मीच असल्यामुळे माझं घर तपासायचं राहून गेलं होतं. आमच्या न्हाणीघरातला खालचा नळ निदान दोन वर्षं गळत होता. मुकादमाच्या चांगल्या रिपोर्टाच्या उत्साहात मी त्याच आठवड्यात प्लंबरला बोलावलं. त्याने जुना पितळी नळ काढून चकचकीत नवा बसवला. पाव फेरा फिरवला की धो धो, परत फिरवला की ठणठणीत बंद, मधलं काही नाही. मी काकूंना मुद्दाम बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरा आहे." या दोन शब्दांवर मी आठवडाभर खूश होतो.

आठवड्याने मुकादमाने खाणं अर्ध्यावर सोडलं. मग पाव. दिवसभर तो न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. अंग चाटणं थांबलं. डावी बाजूही आणि उजवीही. बाबांनी संध्याकाळचं फिरायला जाणं बंद केलं. मला वाटलं होतं की मोकळा वेळ ते माझ्यावर खर्च करतील. तसं काही झालं नाही. मी तक्त्यात एका दिवसाची तारीख चुकवली आणि बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"निरोप घेतोय रे तो," काकू म्हणाल्या. "मांजरांना कळतं." बायकोने त्यांना प्रेमाने दारापर्यंत पोचवलं आणि दार जरा जोरात लावलं.

आकडा चार पूर्णांक सहा आला.

"पाणी कमी पडतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं आणि एक दिवसाआड घरी कसं द्यायचं ते शिकवलं. बाटली पडद्याच्या दांडीला, सुई बायकोच्या हातात, मुकादम बाबांच्या मांडीवर, आणि मी तोंड फिरवून बाटलीवरच्या खुणा मोजणार, अशी वाटणी झाली. "पण हे किती दिवस पुरणार?" बाई म्हणाल्या. "त्याने स्वतःहून प्यायला हवं. आधी कसं पीत होता?"

"तसंच," मी तक्ता उघडला. "आधीही दहा मिलिलिटर, आताही दहा."

"दहा मिलिलिटरवर मांजर महिनाभर जगत नाही, काका. तो दुसरीकडे कुठेतरी पीत होता."

दुसरीकडे कुठेतरी, असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

आम्ही विजेवर चालणारं छोटं कारंजं आणलं. मुकादमाने त्याच्याकडे पाठ केली. मी घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली आणि दोनदा स्वतः त्यांत पाय घातला. शेवटी तिसऱ्या दिवशी बाबांनी स्टूल उचललं, न्हाणीघरात नेलं आणि मुकादमाशेजारी बसले. तासाभराने हाक आली.

"इकडे ये. आवाज करू नकोस."

मुकादम कसाबसा उठला होता. मान वर करून त्याने नव्या नळाचं तोंड चाटलं. एकदा, दोनदा. कोरडं होतं. तो परत खाली बसला.

"नळ कधी बदललास?" बाबांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. बाबांनी पुढे काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी एवढी मोठी चूक सापडली होती आणि ते ती बोलून दाखवत नव्हते. यापेक्षा तासभर बोलले असते तर परवडलं असतं.

मी प्लंबरकडे धावलो.

"जुना नळ परत बसवायचाय," मी म्हणालो.

"नवा गळतोय का, साहेब?"

"नाही, तीच तक्रार आहे."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, वीस वर्षं धंदा करतोय. नळ बिघडवायला मला आजवर कोणी बोलावलं नाही. माझं नाव खराब होईल."

"मांजराला प्यायला हवं."

"मग वाडगं ठेवा."

जुना नळ त्याने भंगारवाल्याला दिला होता. मी तिकडे गेलो, बाबाही आले. भंगारवाल्याने नळ वजनावर विकायला काढला, बाबांनी त्याचा काटा पाहिला, आणि बावीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "काट्याचं नंतर बघू. आधी नळ दे." बाबांनी काट्याकडे दुर्लक्ष केलं, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते ओळखावं.

नळ बसला, पण गळेना. पठ्ठ्या प्लंबरने सवयीने नवा वॉशर घातला होता. तो काढून दुसरा, जुना, मग त्याहून जुना. एक घातला तर धार, दुसरा घातला तर काहीच नाही. तास-दीड तास तो चांगला खराब वॉशर शोधत आपल्या पिशवीत हात घालत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. बाबा स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते. "मिनिटाला तीसेक थेंब होता आधी," ते म्हणाले. "माझ्या खोलीत ऐकू यायचा." शेवटी एका झिजक्या वॉशरवर एकतीस आले. "चालेल," बाबा म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी हा शब्द कुठल्याही मापाला वापरला नव्हता.

मुकादम बसल्या जागेवरून थेंबाकडे बघत होता. उठला नाही. आम्ही सगळे दाराशी उभे. आणि दारावरची बेल वाजली.

तो महिन्याचा पहिला रविवार होता, हे मी साफ विसरलो होतो. सेक्रेटरी वही घेऊन उभे होते. "साहेब, तुम्ही आला नाहीत म्हणून मीच आलो. म्हटलं या वेळी तुमच्या घरापासूनच सुरुवात करू, म्हणजे लोक बोलायला नकोत." त्यांच्या मागे, केवळ योगायोगाने, समोरच्या काकू.

नळाचा आवाज दिवाणखान्यात स्पष्ट ऐकू येत होता. टप. टप. सेक्रेटरी आवाजाच्या दिशेने चालत गेले आणि न्हाणीघराच्या दारात थबकले.

"अहो, हा तर गळतोय!"

"श्श!" बाबा म्हणाले.

मुकादम उठला होता. तो नळापर्यंत गेला, मान तिरकी केली, आणि जिभेवर एक थेंब घेतला. मग दुसरा. मग त्याने पुढचे दोन्ही पाय नीट जुळवून ठेवले, अगदी कामाला बसल्यासारखे, आणि पिऊ लागला. बाबांच्या हातातलं घड्याळ चालूच होतं, पण ते मोजत नव्हते.

"साहेब," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "वरचा कॉक बंद करा आता दोन मिनिटं. मी लिहितो की गळत नव्हता. तुम्ही अध्यक्ष आहात."

कॉक माझ्या हाताशीच होता. काकू बघत होत्या. बायको बघत होती. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

"लिहा," मी म्हणालो. "गळतो म्हणून लिहा. मिनिटाला एकतीस थेंब."

पुढच्या सभेत मी सवलतीसाठी रीतसर अर्ज केला. सोबत डॉक्टरीणबाईंचं प्रमाणपत्र जोडलं: 'सदर रुग्णाच्या प्रकृतीसाठी सदर नळ गळणे आवश्यक आहे.' गळणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालतो, तेही लिहिलं. सेक्रेटरींनी अर्ज मोठ्याने वाचला, मग नियम मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीसकट. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. अर्ज फेटाळला गेला. माझ्या बाजूने एकच हात वर झाला, आणि तो समोरच्या काकूंचा होता. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी मात्र बाहेर पडताना सांगितलं, "मुकादमासाठी केला हं. तुझ्यासाठी नाही."

महिन्याने आकडा तीन पूर्णांक तीनवर आला. सलाईन बंद झालं. मुकादम पुन्हा दोन्ही बाजू चाटतो.

तेव्हा या प्रकरणात कोणी काय मोजलं तेही सांगून टाकतो. प्लंबरने नळ दुरुस्त करण्याचे पैसे घेतले आणि बिघडवण्याचेही, बिघडवण्याचे जास्त, कारण त्यात मनस्ताप होता म्हणे. बायकोने सुई धरायला शिकण्यात आपली झोप मोजली. बाबांनी काय मोजलं ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. मुकादमाने काहीच मोजलं नाही, तो मोजून घेणाऱ्यांतला आहे. बाकी सगळं माझ्याकडून वसूल होतंय. नियमाप्रमाणे नाव एक महिनाच राहतं, पण दर महिन्याच्या तपासणीत नळ पुन्हा गळताना सापडतो, आणि नाव पुन्हा लागतं. अकरा महिने झाले. अध्यक्षपद कधीच गेलं. कारखान्यातला एक सहकारी घरी आला होता, त्याने फलक वाचला आणि चहा न घेता गेला.

पण गंमत सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाबा जिना उतरून खाली जातात, चष्मा पुसतात आणि फलकावर माझं नाव आहे ना ते बघून येतात. हल्ली मीही त्यांच्याबरोबर जातो. नाव असतं. आम्ही दोघे वर येतो. ज्या महिन्यात ते नसेल त्या महिन्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. अजून माझी अब्रू हप्त्याहप्त्याने जाते आहे, आणि सगळं फिटायची मला तरी घाई नाही.